बुटात कोंबलेला कागद: ट्रॉन्डहाइमचा मोची, शिक्षकाची विधवा आणि युटाची वाट

हे प्रकरण नॉर्वेतलं, 1878 ते 1883 या काळातलं आहे. घटना, गावं, तारखा खऱ्या आहेत. माणसांची नावं मात्र मी घेतलेली नाहीत. मोच्याला मोची म्हटलंय, बाईंना बाई आणि त्यांच्या मुलांना थोरला व धाकटा. धर्म बदलणं आणि देश बदलणं हे दोन निर्णय एकमेकांत कसे गुंतत जातात, ते मला या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसलं. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

बाई जून 1849 मध्ये फ्रोया नावाच्या बेटावर जन्मल्या. ट्रॉन्डहाइमच्या फिओर्डमधून, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यातून, बाहेर पडलं की उघड्या समुद्राला तोंड देत उभं असलेलं हे बेट. तिथली बहुतेक माणसं मासेमारीवर जगायची. बाईंचे वडील बंदराकडे येणाऱ्या जहाजांना खडकांतून वाट दाखवणारे सरकारी पायलट होते, म्हणजे बेटावरचं मानाचं घर. नवरा शाळामास्तर मिळाला. थोरला मुलगा जानेवारी 1872 मध्ये झाला, धाकटा डिसेंबर 1877 मध्ये. धाकटा जेमतेम दोन महिन्यांचा असताना, फेब्रुवारी 1878 मध्ये, नवरा अचानक गेला. बाई तेव्हा 28 वर्षांच्या होत्या.

हातात काय उरलं? मास्तरांच्या मागे मिळणारी सरकारची थोडीशी पेन्शन आणि स्वतःची सुई. थोरल्यानं वडिलांसारखं शिकावं म्हणून बाई मुलांना घेऊन ट्रॉन्डहाइमला आल्या आणि बायकांचे कपडे शिवून घर चालवू लागल्या. ट्रॉन्डहाइम म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या कॅथीड्रलचं गाव. 1869 पासून त्या जुन्या कॅथीड्रलची दुरुस्ती चालू होती. लुथरन चर्च, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ, हा राज्याचा धर्म होता आणि गावातल्या रोजच्या जगण्यावर त्याची छाया होती. बाईंचं बायबल चांगलं वाचलेलं होतं. पुढे जे घडलं त्यात हे वाचन फार कामाला आलं.

दुसरीकडे मॉर्मन हा अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. त्यांच्या खुनानंतर ब्रिघम यंग अनुयायांना घेऊन 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आजच्या युटा राज्यात, पोचले. जगभरच्या अनुयायांनी तिथे येऊन एकत्र राहावं ही या पंथाची त्या काळातली मोठी शिकवण होती. गरीब माणसाला प्रवासाचं कर्ज देण्यासाठी 1849 मध्ये कायमचा फंडही उभारला गेला. स्कँडिनेव्हियात 1850 मध्ये पंथाचे प्रचारक इरास्टस स्नो यांनी कोपनहेगनला काम सुरू केलं, आणि 1851 मध्ये मॉर्मनचा ग्रंथ, म्हणजे पंथाचा स्वतःचा धर्मग्रंथ, डॅनिशमध्ये छापला गेला. इंग्रजीबाहेरच्या कुठल्याही भाषेत तो पहिल्यांदा आला तो इथेच. नॉर्वेत लिहिण्यावाचण्याची भाषा तेव्हा जवळजवळ डॅनिशच होती, त्यामुळे तोच ग्रंथ तिथेही चालला. आपल्याकडेही या पंथाचे प्रचारक 1850 च्या दशकात मुंबईत आणि पुण्यात येऊन गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता मोची. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द आला की त्याबरोबर जातीचा सगळा इतिहास येतो. युरोपात चामड्याच्या कामाला विटाळ नव्हता, पण मान कमीच होता. तरी या धंद्याची एक गंमत आहे. मोची दिवसभर एका जागी बसतो, हात चालू असतात आणि डोकं मोकळं असतं. कुणी वाचून दाखवलं तर ऐकतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, वाद घालतो. युरोपातल्या कितीतरी धार्मिक चळवळींत मोची पुढे दिसतात. मराठीचं छापील व्याकरण 1805 मध्ये काढणारे विल्यम केरी हेसुद्धा इंग्लंडात जोडे शिवत होते. तेव्हा ट्रॉन्डहाइमचा एक मोची मॉर्मन झाला यात फारसं नवल नाही.

अडचण कायद्याची होती. नॉर्वेनं 1845 मध्ये राज्यधर्माबाहेरच्या ख्रिस्ती गटांना पूजेची मुभा दिली होती. पण 1853 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की मॉर्मन त्या कायद्याच्या आत बसत नाहीत. त्यामुळे उघड प्रवचन केलं किंवा कुणाला बाप्तिस्मा दिला की दंड, नाहीतर कैद. पुढे सक्ती सैल होत गेली, तरी मोच्याच्या डोक्यावर ही तलवार होतीच. त्यात गिऱ्हाईक तुटायची भीती वेगळी.

प्रसंग

थोरल्याच्या बुटांचं काम निघालं. कुणीतरी एका मोच्याचं नाव सुचवलं: हात चांगला आहे, माणूस सरळ आहे. बूट दुरुस्त होऊन घरी आले. बाईंनी आत हात घातला तर एकेका बुटात छापील कागद कोंबलेला.

दुरुस्त केलेल्या बुटात कागद असणं यात खटकण्यासारखं काही नव्हतं. सोलचं कातडं भिजवून मऊ करतात, दगडावर ठोकून घट्ट करतात, आरीनं भोकं पाडतात आणि मेण ओढलेल्या दोऱ्याची दोन टोकं एकाच भोकातून उलटसुलट ओढून टाका आवळतात. ओला बूट सुकताना आकार सोडतो, म्हणून आत कागद भरायचा. रद्दीच्या जागी मोच्यानं आपल्या पंथाची पत्रकं भरली होती, एवढंच.

बाईंनी पत्रक पाहिलं आणि सोडून दिलं. काही दिवसांनी दुसरा जोड आला, त्यातही कागद. तिसऱ्या वेळी बाई स्वतः जुने बूट घेऊन दुकानात गेल्या.

मोची आधी कामाचंच बोलले: सोल किती दिवस टिकतील, काय घालावं लागेल. बाई निघणार तेवढ्यात ते जरा अडखळत म्हणाले की सोलपेक्षा मोलाचं असं काहीतरी माझ्याकडे तुम्हाला द्यायला आहे. बाईंनी विचारलं, मोची मला सोलपेक्षा चांगलं काय देणार? मग त्यांनी सांगितलं: तारणाचा खरा मार्ग शिकवू शकतो, मी मॉर्मन आहे. हा शब्द ऐकताच बाईंनी आभार मानले, पैसे दिले आणि बाहेर पडल्या. पण पुढच्या रविवारी मॉर्मनांच्या सभेला गेल्या.

कोंडी

बाईंची कोंडी श्रद्धेची होती हे उघडच आहे. ती दर्जाचीही होती. साधी खोली, मोजकी माणसं, बहुतेक मजूर आणि कारागीर. शाळामास्तरांची पत्नी, पायलटाची मुलगी अशी त्या सभेत बसलेली. आपण इतक्या खाली उतरायचं का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. खरं असेल तर उतरावंच लागेल, असं उत्तरही त्यांनी स्वतःलाच दिलं. हे दोन्ही त्यांनी पुढे मुलाला सांगितलं, लपवून ठेवलं नाही. मला या प्रकरणातली सगळ्यांत प्रामाणिक जागा हीच वाटते. धर्मांतराच्या कहाण्यांत माणसं साक्षात्काराबद्दल भरभरून बोलतात. शेजारी कोण बसणार याची आपल्याला लाज वाटली होती, हे क्वचितच कुणी बोलतं.

तिसरी भीती अमेरिकेची. बहुपत्नीत्वामुळे मॉर्मन जगभर बदनाम होते. जानेवारी 1879 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बहुपत्नीत्वाला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी युरोपातल्या सरकारांना कळवलं की मॉर्मनांचं स्थलांतर थांबवायला मदत करा. 1882 मध्ये बहुपत्नीत्व करणाऱ्यांवर आणखी कडक कायदा आला. तरुण विधवेनं दोन मुलांना घेऊन नेमकं तिथे जायचं, हे ऐकून घरच्यांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

कोणते मार्ग होते

मोच्यापुढे खरं तर दोन टोकं होती. उघड बोलायचं, म्हणजे कायदा आणि गिऱ्हाईक दोन्ही अंगावर घ्यायची. गप्प बसायचं, म्हणजे आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट जवळ असून शेजाऱ्याला द्यायची नाही. त्यांनी मधला मार्ग काढला: कागद आत ठेवायचा आणि थांबायचं. वाचायचा की चूल पेटवायला घ्यायचा, हे गिऱ्हाईक ठरवेल.

हे योग्य होतं का? यावर मी बराच विचार केला आहे. कुणी म्हणेल, बूट दुरुस्तीला दिलेत, धर्म मागितला नव्हता. विश्वासानं दिलेल्या वस्तूत असं काही घालणं हा विश्वासाचा गैरवापर आहे. हा आक्षेप हलका नाही. बाई जर मोच्याच्या उधारीखाली असत्या, किंवा काम चांगलं होण्यासाठी त्या कागदाला मान देणं भाग असतं, तर मीही तेच म्हटलं असतं. पण इथे पैसे चोख दिले जात होते, गावात दुसरे मोचीही होते, आणि बाई दोन वेळा गप्प राहिल्या तरी मोच्यानं विषय काढला नाही. त्या स्वतः दुकानात येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. दबाव आणि आमंत्रण यांतली रेघ इथे त्या मोच्यानं नीट सांभाळली, असं माझं मत आहे.

बाईंपुढे जास्त फाटे होते. नकार देऊन पूर्वीसारखं जगणं सर्वांत सोपं. वाचत राहायचं, सभेला जायचं, पण नाव राज्यधर्मातच ठेवायचं, ही दुसरी वाट. बरेच जण तिच्यावरच आयुष्य काढतात. बाप्तिस्मा घेऊन ट्रॉन्डहाइमलाच राहणं शक्य होतं, आणि मोची तेच करत होते: धंदा चालू, श्रद्धाही चालू. शेवटचा फाटा बाप्तिस्मा घेऊन युटाला जाण्याचा. 1850 ते 1905 या काळात स्कँडिनेव्हियात सुमारे 46,000 लोकांनी हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यांतले साधारण निम्मे अमेरिकेला गेले. डॅनिश सर्वांत जास्त, नॉर्वेजियन सर्वांत कमी. म्हणजे धर्म घेतला की देश सोडलाच, असं नव्हतं. दुसऱ्या निम्म्यांचा विचार आपण सहसा करत नाही.

काय केलं

बाईंनी सुमारे दोन वर्षं घेतली. प्रचारकांशी बायबल समोर ठेवून वाद घातले. वचनाला वचन, प्रश्नाला प्रश्न. हरायचं नाही या जिद्दीनं सुरुवात केलेली बाई हळूहळू ऐकू लागली. 1 एप्रिल 1881 रोजी ट्रॉन्डहाइमच्या फिओर्डमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. काठाशी अजून बर्फ होतं. त्या पाण्यातून बाहेर आल्यावर जितकी ऊब वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती, असं त्या म्हाताऱ्या होईपर्यंत सांगत.

इथे एक बारीक तपशील आहे, सहज नजरेतून सुटणारा. या पंथात मूल आठ वर्षांचं झालं की बाप्तिस्मा देतात. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा आईबरोबर झाला नाही. तो झाला 1884 मध्ये, युटात, तो बारा वर्षांचा असताना. आईनं आपला निर्णय मुलावर लगेच लादला नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

बाप्तिस्म्यानंतर बाई लगेच निघाल्या नाहीत. आणखी अडीच वर्षं ट्रॉन्डहाइमलाच शिवत राहिल्या. नातेवाईक दुरावले, ओळखीच्यांनी पाठ फिरवली. 1883 च्या शरद ऋतूत त्या निघाल्या. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सहाव्या वर्षात. त्या काळी स्कँडिनेव्हियातून जाणाऱ्या मॉर्मनांची वाट ठरलेली होती: जहाजानं इंग्लंडच्या पूर्वेला हल, तिथून आगगाडीनं लिव्हरपूल, मग वाफेच्या बोटीनं न्यूयॉर्क, तिथल्या कॅसल गार्डन या स्थलांतरितांच्या कचेरीत नोंद आणि पुढे आगगाडी. 1856 मध्ये हातगाड्या ओढत निघालेल्या दोन तुकड्यांतली दोनशेहून जास्त माणसं बर्फात दगावली होती. हातगाड्यांचा प्रकार 1860 मध्येच थांबला, आणि 1869 मध्ये रेल्वे जोडली गेल्यावर वाट सोपी झाली. बाई नोव्हेंबर 1883 मध्ये उत्तर युटातल्या लोगनला पोचल्या.

याच काळाशी जोडलेली आपल्याकडची एक तारीख मला सारखी आठवते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याही तरुण विधवा, बरोबर लहानगी मनोरमा. दोघींना एकमेकींची गंधवार्ताही नव्हती. पण एकाच शरद ऋतूत, पदरात मूल असलेल्या दोन शिकलेल्या बायका एक धर्म मागे टाकून परक्या मुलखात उभ्या होत्या, आणि दोघींच्या माणसांना एकच प्रश्न पडला असणार: हिला कुणी फूस लावली? दोघींनी किती वाचलं, किती वाद घातले, किती थांबल्या, हे विचारणारे थोडे.

सुई आणि आरी

परक्या मुलखात पोट भरायला बाईंकडे सुई होती, आणि ती चालली. लोगनमध्ये त्या पुन्हा कपडे शिवू लागल्या. माप घ्यायला भाषा फार लागत नाही. कापड, टेप, आरसा एवढं पुरतं. बाईचा झगा तेव्हा अजून अंगावर बेतूनच शिवावा लागे.

मोची हा धंदा घेऊन जो युटाला आला, त्याचं तसं झालं नाही. सुरुवातीच्या वस्त्यांत बूट शिवणाऱ्याला फार मागणी होती. मोबदला रोकड नसे. गहू, बटाटे, लाकूड अशा रूपात मिळे. पण सोल शिवायची यंत्रं 1860 च्या दशकात पसरली. 1883 मध्येच, मार्चमध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी यान मॅट्सेलिगर या सुरिनामहून आलेल्या माणसाला बुटाचं वरचं कातडं साच्यावर ताणून बसवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. ते ताणायचं कसब ही हाताच्या कारागिराची शेवटची मक्तेदारी होती. कुशल हात दिवसाला पन्नासेक जोड ताणायचा, यंत्र त्याच्या कितीतरी पट. सॉल्ट लेकमध्ये मॉर्मनांच्याच सहकारी संस्थेनं बुटांचा कारखाना काढला होता. नवा जोड शिवणारा कारागीर मग फक्त दुरुस्ती करणारा होऊन बसला.

स्थलांतराचा सल्ला देणाऱ्यानं श्रद्धेइतकंच धंद्याकडेही बघायला हवं, ते यासाठी. ज्या मोच्यानं बाईंना वाट दाखवली, त्याच वाटेनं जाणं मोच्याच्या आरीला बाईंच्या सुईइतकं मानवलं नसतं.

काय निष्पन्न झालं

थोरला लोगनच्या ब्रिघम यंग कॉलेजात शिकला, मग हार्वर्डला गेला आणि 1894 मध्ये रसायनशास्त्रात सर्वोच्च श्रेणीनं पदवीधर झाला. 1899 मध्ये जर्मनीत गटिंगनला डॉक्टरेट. कोरडवाहू शेती आणि सिंचन हा त्याचा विषय. युटासारख्या कमी पावसाच्या मुलखात यापेक्षा उपयोगी विद्या कोणती? पुढे तो राज्याच्या कृषी महाविद्यालयाचा आणि नंतर युटा विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. 1921 मध्ये पंथाच्या बारा प्रेषितांच्या मंडळात त्याची निवड झाली. धाकटा ताहितीला धर्मप्रचारक म्हणून गेला.

बाईंची बहीणही पुढे याच पंथात आली. 1903 मध्ये दोघी बहिणी मिळून प्रचारासाठी नॉर्वेला परतल्या आणि काही वर्षं तिथे राहिल्या. बाई तेव्हा 54 वर्षांच्या होत्या. ज्या गावात पाठी फिरल्या होत्या, त्याच मुलखातली दारं त्यांनी वाजवली. 1919 मध्ये त्या युटात वारल्या.

वेगळं काय करता आलं असतं

मुलगा हार्वर्डला गेला म्हणून निर्णय बरोबर होता, असं म्हणणं मला मान्य नाही. निर्णय घेताना हार्वर्ड कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. 1883 मध्ये हातात काय माहिती होती, यावरच तो जोखायला हवा.

त्या कसोटीवर बाईंची दोन वर्षांची चौकशी उत्तम उतरते. अडीच वर्षं थांबून मग निघणंही. खटकते ती एकच गोष्ट. धर्म आणि स्थलांतर यांचे निर्णय वेगळे असू शकतात, हे त्यांना सांगणारं जवळ कुणी नव्हतं. एकत्र येण्याची शिकवणच इतकी जोरात होती की बाप्तिस्मा घेतलेल्याला मागे राहणं म्हणजे अर्धवट राहणं वाटे. मोची तिथेच राहून श्रद्धा जपत होते. ते उदाहरण रोज डोळ्यांसमोर होतं, पण त्याला कुणी उदाहरण म्हणत नव्हतं. नातेवाइकांकडूनही हीच चूक झाली. त्यांनी श्रद्धेवर इतका राग धरला की प्रवास, पैसा, मुलांची भाषा यांवर बोलायची जागाच उरली नाही. श्रद्धेचा वाद बाजूला ठेवून कुणी म्हटलं असतं, "जातेस तर जा, पण थोरल्याची इथली शाळा पुरी होऊ दे," तर बाईंनी ते ऐकलं असतं असं मला वाटतं. थोरल्याच्या शिक्षणासाठीच तर त्या ट्रॉन्डहाइमला आल्या होत्या.

या मुद्द्यावरचं उत्तर पुढे त्याच घरातून आलं. 1927 ते 1933 या काळात थोरला युरोपातल्या मॉर्मन कार्याचा प्रमुख होता. तोवर पंथाचंही धोरण बदललं होतं. युटाला यायचं का, असं विचारणाऱ्या युरोपातल्या अनुयायांना तो सांगे: तुमच्या गावातच राहा आणि तिथलीच मंडळी उभी करा.